रिकाम्या खुर्चीचा भाव

नागपूर
९ नोव्हेंबर १९७८

टाइप केलेलं उत्तर. सख्ख्या बहिणीले, कंपनीच्या कागदावर. वर विमानाचं चित्र, खाली तुझी सही, अन् मधात सगळे इंग्रजीतले भाव. तू आपल्या मनानं लग्न केलं, मी आली नाही, तिथून चार वर्षं आपलं बोलणं बंद. चार वर्षांनी मी होऊन पत्र टाकते, अन् तू मले गिऱ्हाईक समजून तक्ता पाठवतोस. चौथी शिकलेल्या बाईनं हा कागद कोणाकडून वाचून घ्यायचा गा? मार्केटाजवळच्या बँकेत घेऊन गेली. तिथल्या साहेबानं दोन्ही बाजू पाहिल्या अन् म्हणाला, "बाई, यात भाव आहेत, उत्तर नाही." ते तर मलेही दिसून राहिलं होतं.

मी काय विचारलं होतं ते पुन्हा लिहिते. या वेळी मराठीत उत्तर दे.

आपली जया विलायतेत, बर्मिंगहॅमले, गरोदर आहे. जानेवारीच्या शेवटी बाळंत होईल असं तिथले डॉक्टर म्हणतात. पहिलं बाळंतपण माहेरी असते, हे तुले सांगायची गरज नाही. जावई केशवराव सप्टेंबरात मुंबईचं तिकीट पाहून आले तेव्हा एक भाव होता. आता विचारायले गेले तर जवळपास दुप्पट. तेच विमान, तीच खुर्ची, तीच जया. मधात झालं काय?

मी वीस वर्षं संत्रा मार्केटात अडतीवर बसून आहे. सकाळच्या हर्रासात ढिगाचा जो भाव लागतो तो दुपारी उतरतो. संध्याकाळी झाडू मारायच्या वेळेले जो येईल त्याले, तो देईल त्या भावात देऊन मोकळी होते, कारण उद्या तो संत्रा नरम पडतो. नाशवंत माल असाच विकतात. तुमच्या विमानाचा भाव मात्र दिवस जवळ आला की चढतो. हा कुठला उलटा बाजार? केशवरावांनी उशीर केला हे खरं. पण उशीर केला तर स्वस्त व्हायले पाहिजे होतं.

तू मुंबईत त्या परदेशी कंपनीत भाव ठरवायच्या खात्यातच बसतोस, म्हणून तुले विचारून राहिली. नाहीतर विचारलं नसतं.

जया लिहिते, पाय सुजतात. केशवरावांची कारखान्यात रात्रपाळी असते, तेव्हा घरात ती एकटी. मागच्या खेपेले पाचव्या महिन्यात गेलं तेव्हाही एकटीच होती. हे तुले कोणी कळवलं नसेल. मीच कळवलं नव्हतं.

तुळसा

नागपूर
१८ नोव्हेंबर

चि. चंद्रभान,

हातानं लिहिलेलं पत्र पोचलं. एवढं लांब पत्र तू बाबाले कधी लिहिलं नाही. तुझ्या भाऊजींनी मले वाचून दाखवलं, मंग मी पुन्हा वाचायले लावलं. ते म्हणाले, "तुह्या भावानं शाळा उघडली काय वं?" मले जे समजलं ते लिहिते. चुकलं तर सांग.

विमान उडवायचा खर्च माणसं बसली तरी तेवढाच अन् नाही बसली तरी तेवढाच. तेल, चालवणारे, चहा वाढणाऱ्या पोरी, उतरायच्या जागेचं भाडं. अर्ध्याहून जास्त खुर्च्या भरल्या की खर्च निघतो. कमाई जी आहे ती शेवटच्या थोड्याशा खुर्च्यांत. सगळ्या कंपन्यांनी मोठमोठी जंबो विमानं घेऊन ठेवली, अन् आता ती भरायची कशी म्हणून सगळ्यायचा जीव टांगणीवर. इथपर्यंत मले पटलं. आमचा मालाचा ट्रक असाच असतो.

मंग तू लिहितोस, विमानाचं दार लागलं की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. संत्रा निदान दोन दिवस टिकतो. मी म्हणते, तर मंग दार लागायच्या आधी देऊन टाका ना. यावर तुझं जे उत्तर आहे ते मी स्वतः वाचलं, बोट ठेवून. शेवटी स्वस्त मिळते हे लोकायले कळलं तर आधी कोणी घेणार नाही, सगळे थांबतील. म्हणून जो महिना महिना आधी पैसे भरतो त्याले स्वस्त, कारण महाग असलं तर तो घरीच बसेल. अन् जो शेवटी धावत येतो त्याले महाग, कारण त्याले गेल्याशिवाय इलाज नाही. तू दोन उदाहरणं दिलीस. धंद्याचा माणूस, अन् ज्याचा बाप वारला तो माणूस. तिसरं उदाहरण तू लिहिलं नाहीस. तिचे पाय सुजले आहेत.

म्हणजे माल पाहून भाव नाही, गिऱ्हाइकाची अडचण पाहून भाव. तू म्हणशील, तूही तेच करतेस. करते. उन्हाळ्यात कोणाचा माणूस दवाखान्यात असला, अन् त्याले संत्राच पाहिजे असला, तर मी चढवून सांगते. पण मी समोर बसून सांगते गा. त्याचं तोंड उतरलं तर दोन संत्रे वरून टाकते. तुमच्या छापील तक्त्यापुढे कोणी तोंड उतरवून काय होणार?

अन् हे दुसरं. जगातल्या कंपन्या एका गावी बसून सगळ्यायचा मिळून एक भाव ठरवतात अन् सरकारं त्याले मान डोलावतात. आमच्या अडत्यांनी असं केलं तर काटोलचे बागाईतदार गोटे घेऊन येतील. तू म्हणतोस हा पुढच्या दाराचा भाव. मागच्या दारानं त्याच कंपन्या उरलेल्या खुर्च्या लंडनच्या गल्लीतल्या लहान दुकानांना गुपचूप देतात, तिथं स्वस्त मिळते. मंग हे आधी काहून नाही लिहिलं? केशवरावांना आजच तार करून राहिली.

आता शेवटच्या पानावरचं. तू केशवरावांना फोन करून विचारलंस, सप्टेंबरात तिकीट काहून घेतलं नाही. त्यांनी सांगितलं, सासूबाईंनी थांबा म्हणून लिहिलं होतं. लिहिलं होतं. दिवाळी झाली की उतरेल, घाई करू नका, असं लिहिलं होतं. जावयाचे पैसे वाचावे म्हणून लिहिलं. तुले विचारून लिहायचं होतं, असं तुझं म्हणणं. विचारायले तू बोलत होतास का माझ्याशी?

तुळसा

नागपूर
२४ नोव्हेंबर

चि. चंद्रभान,

काल केशवरावांचा दुकानावर फोन आला. मागच्या दाराच्या दुकानात जाऊन आले. सरळ मुंबईले येणाऱ्या विमानात डिसेंबरात काही नाही. दुकानदार त्यांना हसला. म्हणे, नाताळच्या सुट्टीत सगळे हिंदुस्थानी घरी जाऊन राहिले, पुढच्या दारानंच सगळं खपते, मंग मागच्या दारी काय येणार? त्यानं एक तिकीट दाखवलं. आधी भलत्याच देशात उतरायचं, तिथं रात्रभर बाकावर बसायचं, मंग दुसरं विमान, मंग तिसरं. त्या पोरीले मी बाकावर बसवू? मी नाही म्हणून टाकलं. आता सांग, नाही म्हटलं ते बरोबर केलं की तेही चूक?

डॉक्टरचं वेगळंच आहे. जयाचं प्रेशर वाढलं आहे. तुमची कंपनी म्हणते आठवा लागला की डॉक्टरची चिठ्ठी पाहिजे, अन् डॉक्टर म्हणते प्रेशर उतरल्याशिवाय चिठ्ठी नाही. उतरायची वाट पाहिली तर आठवा भरत येतो, मंग चिठ्ठी असली तरी तुम्ही घेत नाही. दोन्हीकडून दार बंद होऊन राहिलं.

म्हणून मी एक सांगते, ते शांतपणे वाच. सहावा सांगायचा. जया अंगानं बारीक आहे, वरून तिकडचा ढगळ कोट घातला तर कोणाले काही कळत नाही. ती पोटात होती तेव्हा मी सातव्या महिन्यात हर्रासात उभी राहत होती, कोणाले कळलं होतं? तू आतला माणूस आहेस. लंडनच्या तुमच्या खिडकीवर जो कोणी बसतो त्याले एक शब्द टाक, की ही माझी भाची आहे, जास्त विचारू नको. पुढच्या दाराचा दुप्पट भाव मी देते. दुप्पट भाव घेऊन एवढंही करत नसाल तर भाव कशाचा घेता?

मले झोप नाही. हे कोणाले सांगू नको.

तुळसा

नागपूर
२९ नोव्हेंबर

चंद्रभान,

फोनवर जे बोलली ते बोलली. ट्रंक कॉलचे तीन मिनिटं, त्यात अर्धे हॅलो हॅलोत गेले, नीट बोलायले वेळ नव्हता. तुले लेकरू नाही म्हणून तुले कळत नाही, असं मी म्हटलं. ते तुझ्या बायकोलेही ऐकू गेलं का? ती तिथंच बाजूले होती असं वाटलं. म्हणून विचारते.

तू जे सांगितलं ते मी ऐकलं. वर असताना पोट दुखायले लागलं तर विमान वाटेत सापडेल त्या गावी उतरवतात, अन् जयाले तिथं सोडून बाकीचे पुढं जातात. मी घरी येऊन कॅलेंडरच्या मागं छापलेला जगाचा नकाशा काढला अन् लंडनपासून मुंबईपर्यंत बोट फिरवलं. एकाही गावाचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. त्या गावात जयाले कोण ओळखते? म्हणून कोटाचं मी सोडून दिलं. तू ओरडलास म्हणून नाही.

तसंही आता काही राहिलं नाही. आज सकाळी केशवरावांची तार आली. प्रेशर अजून वाढलं, डॉक्टरनं प्रवासाले साफ नाही म्हटलं. म्हणजे ती येत नाही.

तुझे भाऊजी मले समजावतात, तिथं दवाखाने चांगले आहेत, रोज बायका बाळंत होतात. होत असतील. दवाखान्यातून चार दिवसांत घरी पाठवतात, जयानंच लिहिलं आहे. घरी आल्यावर कोण आहे? केशवराव झोपेतून उठून लेकराले धरतील की मशीनवर जातील? मागच्या खेपेले ती दवाखान्यातून एकटी बसनं घरी आली होती. मले हे सहा महिन्यांनी समजलं.

आज दुकानात मी एका बागाईतदाराले वजन चुकीचं सांगितलं अन् त्यानं ते मान्यही केलं. मंग मीच दुरुस्त केलं. माझं डोकं ठिकाणावर नाही.

अन् फोन कटायच्या आधी तू काहीतरी सांगून राहिला होतास. इकडे येणारी विमानं तुडुंब आहेत अन् जाणारी, असं म्हटलंस अन् लाइन गेली. जाणारीचं काय? कामाचं नसेल तरी लिही. अर्धं ऐकलेलं मले डोक्यात फिरत राहते.

तुळसा

नागपूर
४ डिसेंबर १९७८

चि. चंद्रभान अन् सौ. लॉर्ना यांना,

शनिवारी तुझं पत्र आलं. येणारी तुडुंब अन् जाणारी अर्धी रिकामी, साहेब डोकं धरून बसले आहेत, एवढंच लिहिलंस. वाचून मी म्हटलं, तुमच्या साहेबाच्या डोक्याशी मले काय करायचं. कागद गादीखाली सारून दिला.

आज सकाळी लहानू आला होता. हा लकडगंजातला ट्रकवाला, आपला माल कलकत्त्याले नेतो. भाडं सांगितलं ते ऐकून मी त्याच्याशी भांडायले उठली.

मी म्हटलं, "मागच्या महिन्यात काय घेत होतास, अन् आता काय मागून राहिला?"

तो म्हणाला, "मावशी, आता आंबिया बहाराचा संत्रा निघून राहिला. सगळ्यायचा माल एकाच बाजूले जाऊन राहिला. मी एक ट्रक, मले ओढणारे दहा."

"अन् येताना?"

"येताना कोण विचारते? खाली ट्रक घेऊन येतो. परवा एक बाई लेकरं घेऊन उभी होती, तिले बसवून आणलं. म्हटलं तेवढंच बोलायले माणूस."

त्याले भाडं किती कबूल केलं ते मले आता आठवत नाही. त्यानं जास्तच लावलं असेल. मी घरी येऊन गादीखालचा कागद काढला.

महिनाभर मी तुझ्याशी भरलेल्या बाजूसाठी भांडून राहिली होती. नाताळले सगळे तिकडून इकडे येऊन राहिले, म्हणून जयाले जागा नाही, म्हणून भाव दुप्पट. इकडून तिकडच्या थंडीत मरायले कोण जाते? ती खुर्ची रिकामीच उडून राहिली. जया येऊ शकत नाही. मी जाऊ शकते. मले काही आठवा लागलेला नाही.

पासपोर्ट आहे. मागच्या साली केशवरावांनी हट्टानं काढायले लावला होता, तेव्हा मी त्यांना पैसे वाया घालवले म्हणून बोलली होती. फोटोत मी कोणावर तरी चिडलेली दिसते, पण चालेल.

तुझ्या भाऊजींना जेवताना सांगितलं. ते म्हणाले, "तू? काटोलच्या बसमध्ये तुले पिशवी लागते."

मी म्हटलं, "विमानातही पिशवी देतात."

"अन् ऐन हंगाम आहे. अडतीवर कोण बसंल?"

"तुम्ही बसा. वीस वर्षं मागून सांगून राहिले भाव असा लाव अन् तसा लाव. आता बसून दाखवा."

ते ताटावरून उठले. हात धुऊन आले अन् म्हणाले, "तिथं तुले कोणाशी बोलता येणार नाही वं."

मी म्हटलं, "जयाशी येते ना."

त्यावर ते आतून माझी लोकरीची शाल घेऊन आले अन् उन्हात टाकतो म्हणाले. ऊन गेलं होतं. तरी अंगणात टाकून आले.

आता तुझं काम. मले सरळ लंडनले जाणारं विमान पाहिजे, मागच्या दाराचं नको, तीन ठिकाणी उतरणारं नको. या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. परत मी फेब्रुवारी संपताना येईन. तेव्हा सुट्टीवर आलेले सगळे परत गेलेले असतील अन् इकडे येणाऱ्या खुर्च्या रिकाम्या असतील, हेही मी पाहिलं आहे. भाव जो असेल तो तू तुझ्या खात्यात बसून काढ, पण रिकाम्या बाजूचा काढ. भरल्या बाजूचा मी देणार नाही, हे तुझ्या साहेबाले सांग.

डिंकाचे लाडू, मेथी, बाळंतशेपा, ओवा, एवढं बरोबर नेऊ देतात का? की तुमचे लोक उघडून फेकतात? बर्मिंगहॅमले नाही मिळणार. अन् भीती वगैरे मले काही नाही, पण काही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. तो कमरेचा पट्टा सोडायचा कसा ते चित्र काढून पाठव. संडासले जायचं असलं तर कोणाले विचारावं लागते का? विमान मधात कुठं उतरलं तर मी बसून राहायचं की उतरायचं? लंडनले केशवराव घ्यायले येईपर्यंत कुठं उभं राहायचं? मले कोणी काही विचारलं तर दाखवायले एका कागदावर इंग्रजीत लिहून दे की ही बाई लेकीच्या बाळंतपणाले चालली आहे. बाकी काही लिहू नको.

मुंबईत एक रात्र काढावी लागेल. लॉर्ना, हे तुझ्यासाठी. हा वाचून दाखवेल, किंवा तू मराठी वाचत असशील, मले माहीत नाही. तुमच्या लग्नाले मी आली नाही अन् माहेरच्या कोणाले येऊ दिलं नाही. फोनवर मी लेकराबद्दल बोलली ते तू ऐकलं असेल असं धरून चालते. तुझ्या घरी झोपायचं तर तुले विचारल्याशिवाय मी येणार नाही. तू नाही म्हटलंस तर मी स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये थांबीन, मले सवय आहे, त्याचा राग धरणार नाही. चंद्रभान, तू तिच्या वतीनं परस्पर हो म्हणू नको. तिले विचार, अन् ती जे म्हणेल ते तिच्याच शब्दात कळव.

शुक्रवारी, आठ तारखेले, मार्केट बंद होईपर्यंत मी दुकानात फोनपाशी बसून आहे. कोणत्या तारखेचं विमान ते सांग, म्हणजे मी रेल्वेचं तिकीट काढते. जागा नसेल तर तेही शुक्रवारीच सांग, सोमवारी बघून सांगतो असं म्हणू नको. जयाले मी यातलं काही कळवलेलं नाही. ती रोज केशवरावांना विचारते, आईचं काही आलं का. शनिवारी सकाळी मले तिले तार करायची आहे, अन् त्यात काय लिहायचं ते तुझ्याकडून शुक्रवारी पाहिजे.

तुळसा